दाब, प्रवाह आणि जळणारे कृषिपंप

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील एकोडी हे धानपट्ट्यातील गाव. या पट्ट्यातील शेती पूर्वी पाऊस, मालगुजारी तलाव आणि बोड्या यांच्या भरवशावर चालत असे. पुढे विहिरी आणि विंधनविहिरी आल्या, त्यांवर विजेचे पंप बसले आणि उन्हाळी धानाचे क्षेत्र वाढू लागले. उन्हाळी धानाला बांधीत पाणी सतत हवे असते. वाहिनीवर थ्री-फेज पुरवठा मात्र ठरावीक तासांचाच असतो. पुरवठा सुरू झाला की सर्वांचे पंप एकदम चालू होतात, विजेचा दाब उतरतो आणि कोणाची तरी मोटार जळते. वाइंडिंग नव्याने भरून मोटार परत येईपर्यंत बांधीला भेगा पडू लागलेल्या असतात.

शहरातील वाचकाला यात एक विसंगती दिसेल. दाब वाढला तर यंत्र जळते, हे समजण्यासारखे आहे. परंतु दाब उतरला म्हणजे यंत्राला वीज कमी मिळाली. मग ते जास्त का तापावे? घरातला दिवा अशा वेळी मंद होतो, जळत नाही. या प्रश्नाचे उत्तर शालेय विज्ञानातील दोन सूत्रांत आहे. गावातील वायरमनजवळ असलेले साधे मीटर आणि ही दोन सूत्रे एवढ्या साहित्यावर वाहिनीचे दुखणे बऱ्याच अंशी ओळखता येते.

दोन सूत्रे

तलावात पाणी जितके उंच, तितक्या जोराने ते तुडुमातून बाहेर येते. पाण्याच्या उंचीच्या जागी विजेचा दाब ठेवावा, तो व्होल्टमध्ये मोजतात. दर सेकंदाला वाहणाऱ्या पाण्याच्या जागी प्रवाह ठेवावा, तो अँपिअरमध्ये मोजतात. वाट अरुंद किंवा लांब असेल तर पाणी अडते. विजेच्या मार्गातील हा अडथळा म्हणजे रोध, त्याचे एकक ओहम. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती मिळते, म्हणजे दर सेकंदाला खर्च होणारी ऊर्जा; तिचे एकक वॅट. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की वीजबिलावरचे एक युनिट होते.

या दोन सूत्रांतूनच आणखी दोन निघतात. दाब माहीत नसेल तर प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणावे. प्रवाह माहीत नसेल तर दाबाच्या वर्गाला रोधाने भागावे. दोन्ही रीतींनी शक्तीच मिळते. वर्ग हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

पहिले सूत्र जर्मन शिक्षक गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली बर्लिनमध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले. स्वदेशी त्याचे स्वागत थंडपणे झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली त्यांना कोप्ली पदक दिले तेव्हा कुठे त्यांच्या कामाची किंमत सर्वत्र कळली. योगायोग असा, की त्याच १८४१ साली जेम्स ज्यूल या इंग्रज संशोधकाने तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे प्रयोगाने दाखवून दिले. वॅट हे एकक १८८२ साली सुचवले गेले ते वाफेच्या इंजिनाचे सुधारक जेम्स वॅट यांच्या नावाने. अश्वशक्तीचे मापही वॅट यांनीच रूढ केले होते. त्यामुळे कृषिपंपाच्या पाटीवर लिहिलेली अश्वशक्ती आणि वीजमीटरमधील वॅट ही दोन्ही मापे मूळ एकाच माणसाची आहेत. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट.

गिझरचा हिशेब आणि दिव्याची खोडी

प्रथम सोपे उदाहरण घेऊ. २३० व्होल्टवर दोन हजार वॅटचा गिझर ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. २३० ला ८.७ ने भागले की त्याच्या कॉइलचा रोध साधारण २६.५ ओहम येतो. हा रोध कॉइलच्या तारेचा आहे आणि दाब बदलल्याने तो फारसा बदलत नाही. आता दाब १८० व्होल्टवर आला असे धरू. प्रवाह ६.८ अँपिअर होईल आणि शक्ती सुमारे १,२२५ वॅट. दाब बावीस टक्क्यांनी उतरला, पण उष्णता जवळजवळ एकोणचाळीस टक्क्यांनी घटली. पाणी तापायला वेळ लागेल, इतकेच. गिझरला धोका नाही.

जुन्या तंतूच्या दिव्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. शंभर वॅटचा दिवा पेटलेला असताना त्याचा रोध ५२९ ओहम भरतो. तोच दिवा विझवून, थंड झाल्यावर मीटरने मोजला तर रोध याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी दिसतो. मीटर बिघडलेला नसतो. टंगस्टनचा तंतू तापला की त्याचा रोध अनेक पटींनी वाढतो. बटन दाबताक्षणीच दिवा जाण्याचे प्रसंग अनेकांनी पाहिले असतील; थंड तंतूतून पहिल्या क्षणी जाणारा मोठा प्रवाह हे त्याचे एक कारण. म्हणून रोध काढताना दाब आणि प्रवाह हे दोन्ही आकडे उपकरण चालू असताना, एकाच वेळचे घ्यावे लागतात. एलईडी दिव्यांना तर हा हिशेब जसाच्या तसा लागूच पडत नाही. त्यांच्या आत बसवलेले मंडल बहुधा दाब उतरला की प्रवाह वाढवून उजेड कायम राखते.

मोटारीचे गणित

कृषिपंपाची मोटार याच दुसऱ्या जातीची आहे. तिच्या अंगावर ठरलेले काम असते: इतक्या खोलीवरून इतके पाणी उचलायचे. दाब थोडाफार उतरला तरी तिचे फेरे फारसे कमी होत नाहीत, त्यामुळे तिला लागणारी शक्तीही जवळजवळ तेवढीच राहते. शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. गुणाकार कायम राहायचा आणि एक संख्या घटायची, तर दुसरीला वाढावेच लागते.

पाच अश्वशक्तीच्या मोटारीचा हिशेब मांडून पाहू. दांड्यावर मिळणारी शक्ती ३,७३० वॅट. मोटारीची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर वाहिनीतून घ्यावी लागणारी शक्ती होते सुमारे ४,६६० वॅट. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या यंत्रात दाब आणि प्रवाह यांची लय जुळलेली नसते, म्हणून त्यांच्या गुणाकाराला शक्तिगुणांकाने गुणावे लागते; तो मोटारीसाठी ०.८ धरू. थ्री-फेज पुरवठ्यात आणखी १.७३२ ने, म्हणजे तीनच्या वर्गमुळाने, गुणावे लागते. या हिशेबाने ४०० व्होल्टवर प्रत्येक तारेतून ८.४ अँपिअर प्रवाह जातो. दाब ३२० व्होल्टवर उतरला, की तोच प्रवाह साडेदहा अँपिअर होतो.

वाढ पंचवीस टक्क्यांचीच दिसते. पण वाइंडिंगमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे १.२५ गुणिले १.२५. उष्णता छप्पन्न टक्क्यांनी वाढली. गिझरची उष्णता दाबाबरोबर घटते आणि मोटारीची वाढते; दिवा मंद होत असतानाच मोटार का जळते, याचा उलगडा एवढाच आहे.

सुरू होण्याच्या क्षणी परिस्थिती याहून बिकट असते. फिरणारी मोटार स्वतः एक विरोधी दाब निर्माण करते आणि तोच प्रवाहाला आवर घालतो. थांबलेल्या मोटारीत हा विरोध नसतो, म्हणून सुरुवातीला ती नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह घेते. त्यातच तिला फिरवणारा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ४०० ऐवजी ३२० व्होल्ट मिळाले तर हा जोर चौसष्ट टक्केच उरतो. मोटार गुरगुरते, वेग घेत नाही आणि तो मोठा प्रवाह चालूच राहतो. अशा वेळी ओव्हरलोड रिले वेळेत सुटला नाही, किंवा कोणी तो बांधून ठेवला असेल, तर वाइंडिंग काही मिनिटांत जळू शकते.

तीनपैकी एक फेज गेल्यास काय होते, तेही याच रीतीने कळते. उरलेल्या दोन तारांना सगळे ओझे घ्यावे लागते. ढोबळ हिशेबाने प्रवाह १.७३ पट आणि त्या तारांमधील उष्णता तिप्पट होते. कंडेन्सर जोडून दोन फेजवर पंप चालवण्याची युक्ती गावोगावी प्रचलित आहे. हंगाम वाचवण्यासाठी शेतकरी ती करतो हे खरे, पण मोटारीचे आयुष्य तिच्यात खर्ची पडते.

येथे एक सावधगिरी हवी. चालू मोटारीचा दाब प्रवाहाने भागला तर एका फेजला साडेसत्तावीस ओहमच्या आसपास आकडा येतो. तो वाइंडिंगच्या तारेचा रोध नव्हे. त्यात चुंबकीय परिणामांचा वाटाही आहे, आणि या एकत्रित अडथळ्याला संरोध म्हणतात. तारेचा खरा रोध हवा असेल तर पुरवठा पूर्ण तोडून बॅटरीचा एकदिश प्रवाह वापरावा लागतो. समजा, सहा व्होल्टची बॅटरी लावल्यावर थंड वाइंडिंगमधून दोन अँपिअर प्रवाह गेला, तर रोध तीन ओहम. मोटार दोन तास चालवून, थांबवल्याबरोबर तीच चाचणी घेतली आणि प्रवाह १.५४ अँपिअर भरला, तर रोध ३.९ ओहम, म्हणजे तीस टक्क्यांनी अधिक. तांब्याचा रोध प्रत्येक अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. म्हणजे वाइंडिंग सत्त्याहत्तर अंशांनी तापले. आत तापमापक न घालता आतले तापमान सांगणारी ही रीत विद्युत अभियांत्रिकीत फार पूर्वीपासून वापरात आहे.

मधला दाब जातो कुठे?

रोहित्रावर ४०० व्होल्ट असतात आणि शेवटच्या विहिरीवर ते पोहोचत नाहीत. मधला दाब तारेत खर्च होतो.

खांबांवरील ॲल्युमिनियमच्या तारांना ब्रिटिश परंपरेनुसार प्राण्यांची नावे आहेत. स्क्विरल म्हणजे खार ही बारीक तार, तिच्याहून जाड वीझल, मग रॅबिट म्हणजे ससा, आणि मोठ्या वाहिन्यांसाठी डॉग व पँथर. तार जितकी लांब तितका रोध जास्त, जितकी जाड तितका कमी. वीझल तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ०.९३ ओहम असतो, रॅबिटचा ०.५५. आकडे किरकोळ वाटतात, पण प्रवाह मोठा असला की ते किरकोळ राहत नाहीत.

रोहित्रापासून अर्धा किलोमीटर अंतरावर पाच अश्वशक्तीचे पाच पंप आहेत आणि मध्ये वीझल तार आहे असे धरू. प्रत्येक तारेतून ४२ अँपिअर प्रवाह, तारेचा रोध ०.४६५ ओहम. दोहोंचा गुणाकार साडेएकोणीस व्होल्ट. दोन फेजमधील दाबात ही घट सुमारे ३४ व्होल्ट भरते. रोहित्रावर ४०० असतील तर पंपावर ३६६ उरले. आपल्याकडे कमी दाबाच्या पुरवठ्यात सहा टक्क्यांपर्यंतचा चढउतार नियमात बसतो. ४०० चे सहा टक्के २४, म्हणजे खालची मर्यादा ३७६ व्होल्ट. तीच ओलांडली गेली. दाब उतरला म्हणून मोटारी अधिक प्रवाह खेचतात, अधिक प्रवाहामुळे तारेत आणखी दाब पडतो. सहावा, सातवा पंप जोडला गेला की हे चक्र कुठे जाते, हे सांगायला नको.

वाया जाणाऱ्या शक्तीचा हिशेबही करावा. ४२ चा वर्ग १,७६४, त्याला ०.४६५ ने गुणून तीन तारांसाठी तिप्पट केले की सुमारे २,४६० वॅट येतात. पाच पंप मिळून जी शक्ती घेतात, तिच्या दहा टक्क्यांहून अधिक शक्ती अर्ध्या किलोमीटरच्या तारेने केवळ हवा तापवण्यात घालवली.

रोहित्राची मर्यादाही अशीच काढता येते. ६३ केव्हीएच्या रोहित्राचा पूर्ण प्रवाह ८४ अँपिअर असतो. पाच अश्वशक्तीच्या दहा मोटारी ४०० व्होल्टवर मिळून तेवढाच प्रवाह घेतात. अकरावी मोटार, अधिकृत असो वा आकडा टाकून जोडलेली, रोहित्राला झेपणारी नाही. त्यातून स्वयंचलित स्विच बसवलेले असतील तर वीज येताच सगळ्या मोटारी एकाच क्षणी पाच-सात पट प्रवाह मागतात. रोहित्रे जळण्याचे एक मोठे कारण हे स्विच आहेत. ते काढून टाकावेत आणि कपॅसिटर बसवावेत, असे आवाहन महावितरण वारंवार करते. शेतकऱ्याची बाजूही समजून घ्यावी लागते. वीज रात्री येत असेल, तर साप-विंचवांच्या बांधांवरून अंधारात बटन दाबायला कोणी जावे?

कपॅसिटर आणि उच्च दाब

कपॅसिटरचा उपयोग हिशेबाने लगेच पटतो. तो शक्तिगुणांक सुधारतो, म्हणजे दाब आणि प्रवाह यांची लय जवळ आणतो. पाच अश्वशक्तीच्या मोटारीला सुमारे दोन केव्हीएआरचा कपॅसिटर लावला तर शक्तिगुणांक ०.८ वरून ०.९५ वर जातो. मोटार तेच काम करते, पण वाहिनीतील प्रवाह ८.४ वरून ७.१ अँपिअरवर येतो. वरच्या उदाहरणातील पाचही पंपांना कपॅसिटर असतील तर तारेतील नुकसान २,४६० वॅटवरून सुमारे १,७५० वर येते. अडचण एवढीच, की एकट्याने लावून भागत नाही. दाब सुधारायचा तर शेजाऱ्यांनीही लावावा लागतो. सामाईक पाटाच्या सफाईसारखाच हा प्रकार.

दुसरा उपाय मुळावर घाव घालणारा, पण खर्चिक आहे. तीच शक्ती ११ हजार व्होल्टने नेली तर पाच पंपांसाठी ४२ अँपिअरऐवजी केवळ दीड अँपिअर प्रवाह पुरतो. त्याच तारेतील नुकसान मग २,४६० वॅटवरून सव्वातीन वॅटवर येते. गणितात चूक नाही. दाब साडेसत्तावीस पट वाढला की नुकसान त्याच्या वर्गाने, म्हणजे सुमारे साडेसातशे पटीने घटते. उच्चदाब वितरण प्रणालीचे तत्त्व हेच आहे. शेताच्या जवळपर्यंत ११ हजार व्होल्टची वाहिनी न्यायची आणि एक-दोन पंपांसाठी छोटे रोहित्र बसवायचे. कृषिपंपांच्या जोडण्यांसाठी ही योजना महाराष्ट्रात २०१८ मध्ये हाती घेण्यात आली. तिचा आणखी एक फायदा असा, की ११ हजार व्होल्टच्या तारेवर आकडा टाकण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही.

अश्वशक्तीचे बिल

ज्या पंपांना मीटर नाही, त्यांचा वापर अश्वशक्तीवरून अंदाजला जातो. पाटीवर पाच अश्वशक्ती म्हणजे तासाला ३.७३ युनिट, असा समज साहजिक आहे, पण तो चुकीचा आहे. पाटीवरील आकडा दांड्यावर मिळणाऱ्या शक्तीचा असतो. वीज खर्च होते ती साधारण ४.६६ युनिट. आणि जुन्या, पुन्हा पुन्हा वाइंडिंग केलेल्या मोटारीचा आकडा याहूनही वेगळा असू शकतो. तो कळण्याचा मार्ग मोजण्याचाच आहे.

हा तपशील शहरी ग्राहकालाही लागू आहे. वाहिनीत शिरलेल्या युनिटांतून पंपांचा अंदाजित वापर वजा केला, की उरते ती गळती. अंदाज जास्त धरला तर गळती कमी दिसते, कमी धरला तर जास्त. आणि दोन्हींचा भार अखेर वीजदरांत आणि अनुदानांत उतरतो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला. शेतकऱ्याचे बिल त्यामुळे शून्य झाले, तरी तारेतील ३४ व्होल्ट आणि वाइंडिंग भरण्याचा खर्च या निर्णयाने बदललेला नाही. उलट, बिलच नसेल तर मीटर तपासून पाहण्याचे कारण कोणालाच उरत नाही, ही भीती अनाठायी नाही.

वाहिनीवरील दोन आकडे मिळवणे कठीण नाही. टाँग टेस्टरचा चिमटा तारेभोवती धरला की तार न तोडता प्रवाह समजतो. दाब त्याच उपकरणाच्या दोन टोकांनी मोजता येतो, मात्र ते काम परवानाधारक वायरमनचेच आहे. एका वेळी रोहित्रावर आणि शेवटच्या पंपावर दाब मोजावा. दोहोंतील फरक १.७३२ ने भागावा आणि मधल्या प्रवाहाने पुन्हा भागावा. तारेच्या रोधाचा ढोबळ अंदाज मिळतो. तो तारेच्या जाडी-लांबीवरून येणाऱ्या रोधापेक्षा फारच अधिक आला, तर कुठेतरी सांधा सैल झाला आहे किंवा गंजला आहे असे समजावे. अपेक्षेइतकाच आला, तर तार बारीक आहे किंवा भार जास्त आहे. आणि रोहित्रावरच दाब कमी असेल, तर दोष त्याच्याही मागे आहे.

सौरपंपांवर हा हिशेब पुन्हा शाळेतल्याइतका सोपा होतो. ३३० वॅटच्या सौर पॅनेलच्या पाटीवर सुमारे ३८ व्होल्ट आणि ८.७ अँपिअर असे आकडे असतात. गुणाकार केला की ३३० येतात, शक्तिगुणांक नाही की तीनचे वर्गमूळ नाही. पाच अश्वशक्तीच्या पंपाला अशी पंधराएक पॅनेल लागतात. लांबच लांब वाहिनी नसल्याने दाब वाटेत हरवत नाही. आषाढात, रोवणीच्या दिवसांत आभाळ भरून आले की मात्र त्या ८.७ अँपिअरचे दोन-अडीच अँपिअर होतात, आणि पंपाच्या नियंत्रकावरचा आकडा तेच दाखवतो.